पुण्याची सायकल आणि पुण्याची बस : एका रस्त्याच्या वाटणीचा इतिहास

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत पुण्याला ‘सायकलींचे शहर’ ही ओळख मिळाली आणि ती इतकी रूढ झाली की, सायकली रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशा झाल्यानंतरही शहराविषयीच्या स्मरणलेखनात ती टिकून राहिली आहे. या लेखनात एक गोष्ट मात्र सहसा येत नाही. सायकलींच्या भरभराटीच्या याच काळात शहराची सार्वजनिक बससेवाही वाढत होती, दोन्ही वाहने एकाच रस्त्याच्या एकाच कडेने धावत होती आणि त्या रस्त्याची किती रुंदी कोणाच्या वाट्याला यावी, हा प्रश्न नगररचनेच्या कागदांवर फार उशिरा आला. तो आला तेव्हा सायकल आणि बस या जणू एकमेकींच्या स्पर्धक आहेत, एकीला जागा दिली की दुसरीची कमी होते, असे गृहीत धरले गेले. पुण्याचा गेल्या पाऊणशे वर्षांचा अनुभव याच्या उलट आहे. येथे सायकल आणि बस एकमेकींच्या आधाराने वाढल्या आणि त्या दोघींनाही मागे सारले ते स्वयंचलित दुचाकीने.

या आधाराचे मूळ शहराच्या घडणीत सापडते. मुठेच्या उजव्या तीरावर दाट वस्तीच्या पेठा, १८१८ नंतर त्यांच्या पूर्वेला उभे राहिलेले लष्कर, वायव्येला खडकीची छावणी व तेथील दारूगोळ्याचा कारखाना, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नदीपलीकडे वसलेला डेक्कन जिमखाना व भांबुर्ड्याचा, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचा परिसर, अशा चार वेगवेगळ्या वस्त्यांचे मिळून हे शहर झाले होते. १८५८ मध्ये खंडाळ्याकडून पुण्यापर्यंत आलेल्या लोहमार्गाचे स्थानक पेठांपासून दूर, पूर्वेच्या अंगाला होते. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची आणि १९०७ पासून विजेची ट्राम धावत असताना पुण्याला ट्राम कधीच मिळाली नाही. स्थानकावरून पेठेत यायचे तर टांगा करायचा किंवा चालायचे. या चारही वस्त्यांमधील अंतरे पाच-सहा किलोमीटरच्या आत होती, मधली भूमी बव्हंशी सपाट होती आणि वर्षातील पुष्कळ महिने हवा सौम्य असे. पायी जाण्यास थोडे जास्त आणि भाड्याचे वाहन रोज परवडू नये असे हे अंतर सायकलीसाठी मात्र नेमके होते.

आरंभी सायकल आयात होत असे आणि ती बाळगणे ऐपतीचे लक्षण होते. रॅले, हम्बर, बीएसए ही इंग्रजी नावे पुणेकरांच्या तोंडी बसली ती त्याच काळात. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईची हिंद, मद्रासची हर्क्युलस, सोनिपतची ॲटलस आणि नंतर लुधियानाची हीरो अशा देशी बनावटीच्या सायकली बाजारात आल्या आणि कारकून, शिक्षक, कारखान्यातील कामगार, दूधवाला व विद्यार्थी या सर्वांच्या आवाक्यात हे वाहन आले. पुण्याच्या बाबतीत स्त्रियांच्या सायकलीचा उल्लेख स्वतंत्रपणे करावयास हवा. मुलींच्या शिक्षणाची परंपरा येथे जुनी होती आणि शाळा-महाविद्यालयांत एकटीने, कोणाच्या सोबतीवाचून जाण्याचे साधन म्हणून आडवी नळी नसलेली, मागच्या चाकावर साडी अडकू नये यासाठी जाळी लावलेली ‘लेडीज सायकल’ मध्यमवर्गीय घरांत सर्रास दिसू लागली. बसच्या वेळांवर आणि गर्दीवर अवलंबून न राहण्याचे जे स्वातंत्र्य या वाहनाने दिले, त्याचे मोल वाहतुकीच्या कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

सायकलीमागे एक संपूर्ण व्यवसाय उभा होता, आणि तो शहराच्या वाहतूक-व्यवस्थेचाच भाग होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सायकल मार्टात तासाच्या भाड्याने सायकल मिळे. वहीत नाव, पत्ता आणि वेळ लिहून घेतली जाई आणि तारण म्हणून बहुधा ओळखीचा चेहराच पुरत असे. दुकानदाराच्या पुढ्यात पाण्याचे घमेले, हवेचा उभा पंप, कानस, सोल्युशनची नळी आणि जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे असत. ट्यूब बाहेर काढून, हवा भरून ती पाण्यात दाबायची, बुडबुडे येतात तेथे खूण करायची, ती जागा कानशीने खरवडून सोल्युशन लावायचे आणि ते सुकत आले की तुकडा चिकटवून ठोकायचा, एवढ्यावर पंक्चर निघे. वर्षातून एकदा सायकल पूर्ण खोलून, छर्रे रॉकेलने धुऊन, नवे ग्रीस भरून तिचे ‘ओव्हरऑइलिंग’ होई. म्हणजे आज सार्वजनिक वाहतुकीच्या परिभाषेत ज्याला आगार, देखभाल आणि शेवटच्या टप्प्याची सेवा म्हणतात, ते सारे कोणत्याही शासकीय योजनेशिवाय गल्लोगल्ली उपलब्ध होते. पुढे २०१७ नंतर मोबाइल ॲपवर भाड्याच्या सायकली आल्या तेव्हा त्यांचे स्वागत नवी कल्पना म्हणून झाले. परंतु पुण्याने ही कल्पना पूर्वीच वापरून पाहिली होती, आणि तीही दुरुस्तीच्या सोयीसकट.

बससेवेचा इतिहास याला समांतर आहे. स्वातंत्र्यापूर्वीच्या दशकात सिल्व्हर ज्युबिली मोटर ही खासगी कंपनी शहरात बस चालवीत असे. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट, म्हणजे पुढे तीन पिढ्यांच्या तोंडी असलेली पीएमटी, सुरू झाली. स्वारगेट, पुणे स्थानक, डेक्कन, शिवाजीनगर आणि पुढे महापालिका भवन ही तिच्या मार्गांची मुख्य ठाणी होती आणि मार्ग या ठाण्यांना जोडणाऱ्या मोठ्या रस्त्यांवरूनच जात, कारण पेठांच्या आतील गल्ल्यांत बस वळणे अशक्य होते. पेठांच्या आत, आणि एका मोठ्या रस्त्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या आडव्या प्रवासाला, सायकल हेच वाहन होते. लांबचा व पावसातला प्रवास बसने, जवळचा आणि आडवाटेचा सायकलीने, अशी ही विभागणी होती. ती कोणी आखलेली नव्हती, पण ती चालत होती.

ती चालण्याचे कारण रस्त्यावरील वेगात होते. टांगा, सायकल, हातगाडी आणि थांबत-थांबत जाणारी बस यांच्या वेगांत फार तफावत नव्हती, त्यामुळे वेगळ्या मार्गिकेची गरज कोणालाच तीव्रतेने भासत नव्हती. खडकीच्या कारखान्यांची पाळी सुटल्यावर जुन्या मुंबई रस्त्यावर पसरणारा सायकलींचा लोंढा हा तेथील रोजचा देखावा होता, आणि त्या वेळी रस्ता प्रत्यक्षात सायकलस्वारांचाच असे. बसलाच त्यांच्यामागून जावे लागे. बसथांबा मात्र डाव्या कडेला आणि सायकलींचा प्रवाहही डाव्या कडेनेच, ही अडचण तेव्हापासूनच होती. प्रत्येक थांब्यावर बस सायकलींचा प्रवाह कापून कडेला येते आणि पुन्हा तो कापून बाहेर पडते. वाहने थोडी आणि संथ असतात तोवर हे निभावते. त्यांची संख्या व वेग वाढला की हाच छेद अपघाताचे ठिकाण बनतो.

याबाबतचे तांत्रिक ज्ञान देशात उपलब्ध नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. रस्ते-अभियंत्यांची राष्ट्रीय संस्था असलेल्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्येच सायकलमार्गांच्या आखणीसंबंधी शिफारशी प्रसिद्ध केल्या होत्या. गर्दीच्या तासाला ४०० किंवा अधिक सायकली जात असतील आणि मोटारवाहनांची संख्या तासाला १०० ते २०० असेल तर स्वतंत्र सायकलमार्ग असावा; मोटारवाहने २०० च्या पुढे गेली तर तासाला केवळ १०० सायकली असल्या तरी तो समर्थनीय ठरतो; आणि त्याची रुंदी किमान दोन मीटर असावी, असे त्यांत म्हटले होते. या कसोटीला उतरतील असे रस्ते त्या काळच्या पुण्यात शोधावे लागले नसते. परंतु शिफारस म्हणजे बंधन नव्हे, आणि महापालिकेच्या दृष्टीने सायकल हा रस्त्याच्या रचनेचा विषय नव्हता, तर कराचा आणि शिस्तीचा होता. प्रत्येक सायकलीवर नगरपालिकेच्या काळापासून कर होता. तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला मिळे आणि तो सायकलीला लावावा लागे. संध्याकाळी दिवा नसला किंवा मागे दुसरा माणूस बसवून ‘डबल सीट’ जाताना सापडले तर पोलीस दंड करीत किंवा चाकातील हवा सोडून देत. सायकलस्वाराकडून शहराने पैसा घेतला आणि शिस्तही मागितली. त्या बदल्यात रस्त्यावर त्याच्यासाठी राखलेली जागा मात्र दिली नाही, ही या इतिहासातील पहिली ठळक उणीव होय.

दुसरी उणीव संस्थात्मक आहे आणि तिचे परिणाम अधिक दूरगामी ठरले. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमानुसार परिवहन उपक्रम हा महापालिकेचा असला तरी त्याला स्वतःची परिवहन समिती, स्वतःचा परिवहन व्यवस्थापक आणि स्वतःचा अर्थसंकल्प असतो; रस्ते शहर अभियंत्याच्या अखत्यारीत राहतात. वाहतुकीचे नियमन पोलिसांकडे होते आणि १९६५ मध्ये पुण्याला पोलीस आयुक्तालय मिळाल्यावर ते आयुक्तांकडे गेले. मोटारवाहनांची नोंदणी व त्यांवरील कर हे राज्य सरकारचे. त्यामुळे बस किती वाजता सुटेल हे एक कार्यालय ठरवी, ती ज्या रस्त्यावरून जाईल त्याची रुंदी दुसरे, त्या रस्त्यावर कोणते वाहन कोणत्या दिशेने जाईल हे तिसरे, आणि किती नवी वाहने रस्त्यावर येतील यावर शहरातील कोणत्याच कार्यालयाचा अधिकार नव्हता. बस आणि सायकल यांचा एकत्र विचार करणे हे यांपैकी कोणाचेच काम नव्हते, म्हणून तो झाला नाही. व्यक्तींच्या अनास्थेपेक्षा अधिकारांची ही विभागणी अधिक जबाबदार आहे, असे या काळाचा क्रम पाहता म्हणावे लागते.

दरम्यान शहराचा आकारच बदलला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व पाठोपाठ खडकवासला धरण फुटून नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या आणि पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती जुन्या गावठाणाबाहेर उभ्या राहिल्या. पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना होताच. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर पिंपरी-चिंचवडच्या माळावर मोटारी, स्कूटर आणि यंत्रे बनविणारे मोठे कारखाने आले. पेठेतील घर आणि आकुर्डीतील कारखाना यांतील अंतर पंधरा-वीस किलोमीटर झाले. मोठ्या कंपन्यांनी कामगारांसाठी स्वतःच्या बस लावल्या, १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल गाड्या सुरू झाल्या, पण पिंपरी-चिंचवडची सार्वजनिक बससेवा १९७४ मध्ये वेगळ्या नावाने, वेगळ्या व्यवस्थापनाखाली उभी राहिली आणि २००७ मध्ये दोन्ही सेवा मिळून एक परिवहन महामंडळ होईपर्यंत वेगळीच राहिली. दोन शहरे एकमेकांत मिसळत गेली. त्यांची बससेवा तेहतीस वर्षे मिसळली नाही.

अंतर वाढले तेव्हा सायकलस्वाराने बसमध्ये चढावे, ही स्वाभाविक अपेक्षा होती. तसे घडले नाही. १९७२ मध्ये दोन वाहने जवळपास एकाच वेळी बाजारात आली, बजाजची चेतक स्कूटर आणि कायनेटिकची लुना. चेतकसाठी लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लुना मात्र स्वस्त, हलकी आणि पन्नास घनसेंटिमीटर इंजिनाची होती. तिला पायडल होते, हा बारकावा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सुरुवात पायडल मारूनच करायची, इंजिन पकडले की पाय स्थिर ठेवायचे, आणि पेट्रोल संपलेच तर पुन्हा पायडल मारीत पंपापर्यंत जायचे. ज्याला सायकल येत होती त्याला लुना शिकावी लागली नाही. एका अर्थी ही सायकलच होती. फक्त तिने वीस किलोमीटरचे अंतर आवाक्यात आणले आणि रस्त्याचा वेग बदलला. सायकलीवरून लुनावर, लुनावरून स्कूटरवर आणि पुढे मोटारसायकलवर हा क्रम हजारो घरांत एका पिढीत पूर्ण झाला, आणि या क्रमात बस कुठेच आली नाही. दारापासून दारापर्यंत, हव्या त्या वेळी जाण्याची सवय सायकलीने लावली होती. बसने ती पुरवली असती तर ती थांब्यापर्यंतच्या सायकलीच्या जोरावरच, आणि तशी जोडणी कोणी केली नव्हती. उरलेल्या सायकलस्वारासाठी रस्ता दिवसेंदिवस धोक्याचा होत गेला. सायकल मागे पडली ती पुणेकरांची हौस फिटल्यामुळे, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. ज्यांना दुसरा पर्याय नव्हता ते तिच्यावर राहिले आणि रस्त्याची जोखीमही त्यांच्याच वाट्याला आली.

विकास आराखडा, म्हणजे शहरातील प्रत्येक जमिनीचा वापर, आरक्षणे आणि रस्त्यांच्या रुंदी ठरविणारा वैधानिक नकाशा, पुण्यासाठी १९६६, १९८७ आणि २०१७ मध्ये मंजूर झाला. १९८७ च्या आराखड्यात शहराला वळसा घालणाऱ्या एका उच्चक्षमता द्रुतगती वाहतूक मार्गाची आखणी झाली, जी पुढील तीन दशकांत नकाशावरच राहिली. रस्ते रुंद करण्याच्या रेषा मात्र अमलात येत गेल्या. रुंद झालेल्या रस्त्याची वाढीव जागा कोणाला द्यायची हे ठरलेले नसेल तर ती आपोआप सर्वाधिक संख्येच्या वाहनांकडे जाते, आणि पुण्यात ती दुचाकींकडे व मागाहून मोटारींकडे गेली.

वाटणीचा प्रश्न उघडपणे मांडला गेला तो २००६ मध्ये. केंद्र सरकारने त्या वर्षी स्वीकारलेल्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने हलविण्यापेक्षा माणसे हलविण्याला प्राधान्य दिले आणि जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून त्यासाठी पैसा उपलब्ध झाला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातील पहिली जलद बस वाहतूक, म्हणजे बीआरटी, सुरू झाली. ब्राझीलमधील कुरितिबा शहरात १९७४ मध्ये रुजलेल्या आणि कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे २००० नंतर जगाच्या नजरेत भरलेल्या या पद्धतीत बसला रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र मार्गिका मिळते. या रचनेत सायकलीच्या दृष्टीने एक मोठा लाभ दडलेला होता. बस मध्यभागी गेली की डाव्या कडेचा तो जुना छेद संपतो. सातारा आणि सोलापूर रस्त्यांच्या आखणीत कडेला पदपथ आणि त्यालगत सायकलमार्ग दाखविला होता. कागदावर तरी बस, सायकल आणि पादचारी या तिघांनाही पुण्यात प्रथमच नेमून दिलेली जागा मिळाली.

प्रत्यक्षात उतरलेला सायकलमार्ग पाहिला म्हणजे त्याचे काय झाले ते समजते. पदपथाच्याच उंचीवर, सिमेंटच्या चौकोनी ठोकळ्यांनी बांधलेला हा पट्टा प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी उतारावर खाली जाई आणि पुन्हा वर चढे. मध्ये कुठे विजेची पेटी, कुठे झाड, कुठे दुकानासमोर लावलेल्या गाड्या. आणि चौकात, जेथे सायकलस्वाराला संरक्षणाची सर्वांत अधिक गरज असते, तेथे तो संपून जाई. रोज कामावर जाणारा माणूस अशा मार्गावर चढतच नाही. तो मुख्य रस्त्यावरूनच जातो. मग ‘सायकलमार्ग रिकामे असतात’ हे निरीक्षण सायकलमार्ग नकोतच या मागणीचा पुरावा म्हणून वापरले जाते. नेदरलँड्समध्ये हाच धडा तीस वर्षे आधी मिळाला होता. तेथे १९७० च्या दशकात टिलबर्ग व हेग येथे एकेक उत्तम सायकलमार्ग बांधून पाहिला, पण सायकलींची संख्या अपेक्षेइतकी वाढली नाही. पुढे डेल्फ्ट शहरात तुटलेले दुवे सांधून संपूर्ण जाळे तयार केल्यावर परिणाम दिसला. सुटा मार्ग कितीही चांगला असला तरी तो अपुराच, हे त्या अनुभवाचे तात्पर्य पुण्याच्या आखणीत उतरले नाही. बसमार्गिकेच्या वाट्यालाही वेगळे काही आले नाही: काही ठिकाणी ती तुटक राहिली, काही ठिकाणी इतर वाहने तीत शिरली, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या नगर रस्त्यावरील बीआरटीचा काही भाग २०२३ मध्ये काढूनच टाकण्यात आला.

२०१७ च्या अखेरीस महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. सुटे मार्ग नव्हे तर शहरभर जोडलेले जाळे, बसथांबे व मेट्रो स्थानकांजवळ सायकली ठेवण्याची सोय आणि सार्वजनिक भाड्याच्या सायकली ही त्याची अंगे होती, आणि बस व सायकल यांना एकाच आराखड्यात बसविणारा हा शहरातील पहिला गंभीर प्रयत्न मानावा लागेल. त्याच सुमारास विद्यापीठाच्या आवारात व औंध परिसरात ॲपवरील सायकली आल्या. त्यांमागे असलेल्या खासगी कंपन्यांपैकी काहींनी वर्ष-दीड वर्षातच गाशा गुंडाळला. परदेशी गुंतवणुकीवर उभा असलेला व्यवसाय गुंतवणूकदाराचे धोरण बदलताच संपला आणि मोडलेली सायकल दुरुस्त करणारा गल्लीतला माणूस या व्यवस्थेत कुठेच नव्हता. महापालिकेच्या २०१८ च्या पर्यावरण अहवालानुसार शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या तोवर ३६ लाखांच्या पुढे गेली होती आणि त्यांत सुमारे २७ लाख दुचाकी होत्या. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीतील माणसे ३१ लाखांच्या आसपास होती.

मार्च २०२२ मध्ये पुणे मेट्रोचे पहिले टप्पे सुरू झाले आणि डब्यात सायकल नेण्याची परवानगी आरंभापासूनच देण्यात आली. त्याआधी, २०२० मध्ये, विद्यापीठ चौकातील जेमतेम पंधरा वर्षांचे उड्डाणपूल दुसऱ्या एका मेट्रो मार्गासाठी पाडावे लागले होते, जे एकाच चौकाचा विचार वेगवेगळ्या कार्यालयांनी वेगवेगळ्या वेळी केल्याचे खर्चिक उदाहरण आहे. मेट्रोचा प्रवासी बव्हंशी स्थानकाच्या दोन-तीन किलोमीटरच्या परिघातून येणार, आणि हे अंतर जुन्या पेठांतील रोजच्या सायकलफेरीइतकेच आहे. परंतु स्थानक मेट्रो महामंडळाचे, तेथवर येणारी बस परिवहन महामंडळाची, चौकातील दिवे पोलिसांच्या सूचनेवर चालणारे आणि स्थानकापर्यंतच्या रस्त्याची रुंदी महापालिकेच्या पथ विभागाच्या हाती, ही १९५० पासूनची विभागणी आणखी एका संस्थेची भर पडून आजही तशीच चालू आहे.